सहा जणांचं प्रेशर

मोर्न-कोक
११ मार्च १९९६

मिर्लान्द,

आशीर्वाद आणि क्षेमकुशल मागून बघू. तुझी कॅसेट शनिवारच्या बोटीने आली. सोबत तुमच्या चर्चचं ते गुळगुळीत कागदाचं पत्रकही आलं. पान तीनवरच्या फोटोतली बाई आपली आई आहे का, असं तू विचारतेस. हो, आईच आहे. खाली छापलंय, 'मादाम सेन्सिल्या, वय अंदाजे ऐंशी. उन्हाने मूर्च्छित झाली असता आमच्या वैद्यकीय पथकाने तिचे प्राण वाचवले.' नाव चूक, वय सोळा वर्षांनी चूक आणि ऊनही चूक. प्राण तेवढे खरे, पण ते कुणी वाचवले नाहीत, आपले आपण राहिले.

एकोणीस वर्षं बॉस्टनमध्ये काढून तू आईचा चेहरा ओळखलास, याबद्दल तुझं अभिनंदन. तुमच्या डॉक्टर प्रेन्टिसने फोटोत तिच्या खांद्यावर हात टाकलाय आणि बत्तिशी दाखवलीय. एका माणसाला इतके दात कशाला लागतात कोण जाणे. तू म्हणतेस, आई छान लाजून हसतेय. ती हसत नाहीये. तिचा उजवा गाल त्या वेळी उतरलेला होता. तुमच्या फोटोवाल्याला ते हसू वाटलं आणि त्याने तिला जरा इकडे बघ म्हणून खूण केली. इकडे बघणं तिला जमेना, म्हणून त्याने स्वतःच तिची हनुवटी फिरवली.

आता तब्येत. उजवा हात आणि उजवा पाय कामातून गेले. चमचा डाव्या हातात धरते आणि ज्वारीच्या अर्ध्या कण्या अंगावर सांडते. बोलणं गेलं. एकच शब्द उरलाय, 'बरं'. पाणी हवं का? बरं. दुखतंय का? बरं. शेजारची इझमेनी येऊन पाच मिनिटं गळा काढून रडली, तिलाही बरं. जन्मभर या बाईने कुणाच्या कशाला बरं म्हटलं नव्हतं, तुला आठवत असेल.

हे कसं झालं, तर मला नीट माहीत नाही. मी त्या दिवशी दातांच्या टेबलावर दुभाषी होते. आरडाओरडा ऐकला तेव्हा धावत गेले. वय झालं, दुसरं काय. आणि नाव का चुकलं ते मला विचारू नकोस, तुमची मंडळी नावं अशीच लिहितात.

कॅसेटच्या शेवटी आवाज बारीक करून तू विचारलंस, 'ताई, ती माझी आई आहे हे डॉक्टरांना सांगितलं नाहीस ना?' नाही सांगितलं. जीव भांड्यात पडू दे. त्यांच्या लेखी तू मिरियम आहेस आणि तुझी आई पोर्टोप्रिन्समध्ये शाळेत शिकवायची आणि कधीच देवाघरी गेली. हे मला गेल्या जुलैत डॉक्टरच्याच तोंडून कळलं. तुझ्या आईसारखी शिकलेली बाई या बेटाला हवी होती, असं म्हणून त्याने माझ्यापाशी हळहळ व्यक्त केली. आई तेव्हा खिडकीबाहेर त्याचेच टॉवेल वाळत घालत होती. मी मान डोलावली.

कॅसेट आईला ऐकवली. तुझा आवाज आल्यावर ती डावीकडे वळून बघत राहिली, रेडिओच्या मागे कुणी बसलंय का म्हणून. तुझं ते अधूनमधून इंग्रजी तिला कळत नाही, पण ते आधीही कळत नव्हतं.

अनिझ


३० मार्च

मिर्लान्द,

वा, बारा दिवसांत उत्तर! एरवी तुझी कॅसेट नाताळच्या नाताळला येते. म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करता करता तुला बरंच शास्त्र कळायला लागलेलं दिसतं. 'लकवा असा उगीच येत नाही ताई, कुठली गोळी दिली होती? किती दिल्या? आणि सेन्सिल्याच्या नावावर आई कशी?' पोलिसांनी विचारावं तसं विचारतेस. आणि सेन्सिल्या कोण हे तुला आठवत नाही म्हणतेस. जिच्या चिंचेखाली तू पहिली पावलं टाकलीस ती सेन्सिल्या. तिचा एक पाय गेल्या वर्षी कापला. आता आठवली असेल.

बाकी सगळंही विसरली असशील, म्हणून सांगते. खाली बंदरावर वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि जुलैत, तुमचं पथक येतं. इथून डोंगरावरून तिथवर चार तासांची उतरंड. जो खरा आजारी तो एवढं चालू शकत नाही, आणि पथकाचा नियम असा की रोगी समोर खुर्चीत बसल्याशिवाय औषध नाही. आता एवढी साधी गोष्ट समुद्र ओलांडून आलेल्या विद्वानांना कळत नाही की चार तास चालणाऱ्याला औषध कमी लागतं आणि न चालणाऱ्याला जास्त. त्यांना कळत नाही म्हणून आपल्यालाच तोड काढावी लागली. घरचा एक धडधाकट माणूस जातो आणि घरच्या आजाऱ्याचं दुखणं आपलं म्हणून सांगतो. रांगेत उभं असताना कुणी कुणाला 'काय होतंय' विचारत नाही, 'कुणाचं आणलंस' विचारतात. खोकला, जंत, सांधे, जळजळ, सगळं तोंडी सांगता येतं. एरवी मी वरच्या दवाखान्याची नर्स, पथक आलं की दुभाषी. मी कुणाची गोळी कुणी कधी घ्यायची ते आपल्या भाषेत समजावून देते आणि डॉक्टर समजतो, मी सकाळ-संध्याकाळ सांगतेय.

प्रेशरचं मात्र तसं जमत नाही. तिथे दंडाला पट्टा बांधतात आणि काटा खोटं बोलत नाही. त्यामुळे ज्याचं खरंच चढलेलं असतं त्यालाच पाठवावं लागतं. आईचं कायम चढलेलं. नीरफणसाच्या पानांचा काढा पिऊन पिऊन थकली, पण उतरलं नाही. मग तेच कामी आलं. सात वर्षं ती मोर्न-कोकच्या सहा जणांचं प्रेशर घेऊन खाली उतरायची. आदल्या दिवशी खारवलेला हेरिंग मासा खायचा, सकाळी दोन कप काळी कॉफी प्यायची आणि दवाखान्याच्या पायऱ्या पळत चढायच्या. पट्टा बांधला की काटा बघून पथकाची नर्स किंचाळायची. गोळ्यांची पुडी घ्यायची, मागच्या दाराने जायचं, डोक्याचं फडकं बदलायचं, दुसरा नंबर घेऊन परत यायचं. लाल फडकं म्हणजे सेन्सिल्या, निळं म्हणजे थेरेझिन, पिवळं म्हणजे मादाम ओडिलॉन. ओडिलॉनची बायको केव्हाच वारली, पण त्याच्यासाठी आईला दाढी थोडीच लावता येणार होती!

सात वर्षं, वर्षातून दोनदा. डॉक्टर प्रेन्टिस सहा वेळा हात पुढे करून म्हणायचा, 'भेटून आनंद झाला.' तोच हात, तेच मनगट, त्यावरची तीच भाजल्याची खूण. माणसाने इतकं आंधळं असावं? तू त्याच्या बुद्धीची तारीफ करतेस, मोठ्या विद्यापीठात शिकवतो म्हणतेस. आपला ओडिलॉन स्वतःच्या बावीस बकऱ्या अंधारात चाचपून ओळखतो, आणि तो कधी शाळेत गेला नाही.

आता फेब्रुवारी. या वेळी नवा नियम होता. ज्याचं प्रेशर फार चढलंय त्याला पुडी देण्याआधी ते झटकन खाली आणणारी एक कॅप्सूल तिथेच द्यायची. दाताने फोडायची, रस जिभेखाली धरायचा आणि स्वयंसेवक मुलीने बॅटरी घेऊन बघायचं की गिळली का. जीभ वर, जीभ खाली. जनावरं बाजारात घेताना बघतात तसं. मग अर्धा तास बाकावर बसून राहायचं. आई बाकावर बसली नाही. परसाकडे जाते म्हणून उठली आणि औषध लागू पडायच्या आत निळ्या फडक्यात परत आली. मग पिवळ्या. तासाभरात तीन कॅप्सुला, मग प्रेशर एकदम इतकं कोसळलं की डोक्याला रक्त पोचेना. तिसरीनंतर उठताना तिने टेबलाची कड धरली आणि टेबलासकट खाली आली. पडताना पिवळं सुटलं आणि खाली बांधलेलं लाल बाहेर आलं, म्हणून तुमच्या वहीत ती सेन्सिल्या झाली. मी दातांपाशी होते, तोवर तिला उचललं होतं.

आता मी तुला विचारते. हा जागेवर गिळायला लावायचा नियम आला कुठून? डॉक्टरने मला फेब्रुवारीत पहिल्याच सकाळी सांगितलं. 'मिरियमने आमचे डोळे उघडले. इथले लोक औषधं बाजारात विकतात, समोर गिळायला लावा, असा सल्ला तिने दिला. आतल्या माणसाचा सल्ला, फार मोलाचा.'

आतला माणूस म्हणजे तू! गेल्या जुलैत पथकाचा पिवळा शर्ट घालून आलीस, पाहुण्यांच्या बंगल्यात उतरलीस, आपल्या घरी पाण्याला वास येतो म्हणून. आपल्याच लोकांशी इंग्रजीत बोललीस आणि तुझं बोलणं मी भाषांतर करून सांगितलं. माझ्याकडे बघून सगळी रांग हसत होती. तू प्रेशरच्या टेबलावर वही घेऊन बसलेली होतीस. आई सहा वेळा तुझ्यासमोर आली. सहा वेळा तू मान खाली घालून सहा वेगळी नावं लिहिलीस. तेव्हा तोंडातून ब्र काढला नाहीस आणि शेवटच्या दिवशी जेवताना डॉक्टरपाशी शहाणपणा पाजळलास.

आई कधी गोळ्या विकायला बसलेली दिसली होती तुला? कुठल्या बाजारात? नाव सांग.

अनिझ


२१ एप्रिल

मिर्लान्द,

कॅसेट दोनदा ऐकली. पहिल्यांदा तुझं रडणं फार असल्यामुळे शब्द कळले नाहीत.

'मला वाटलं ती विकत असेल, ताई. मला लाज वाटली. एकदा वाटलं उठून सांगावं, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं.' बरं, हे एक खरं बोललीस. एवढं खरं तू गेल्या एकोणीस वर्षांत बोललेली नाहीस, म्हणून मी ते ऐकून घेतलं. लाज वाटली म्हणून माणूस गप्प बसतो, ते समजता येतं. पण तू गप्पही बसली नाहीस. आईला आई म्हणायची लाज वाटली आणि चोर म्हणायची वाटली नाही. तुझा हिशेब मला कळलेला नाही आणि कळून घ्यायचाही नाही.

पण मग कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तू माझ्यावर उलटलीस. पत्रकाचं पान पाच. मी ते पान बघितलंच नव्हतं, माझ्याकडे पोचलेल्या प्रतीतल्या त्या पानात इझमेनीने लसूण बांधून नेला होता. तिच्याकडून परत आणलं. आहे खरं. छोटा फोटो आहे, 'आमची विश्वासू दुभाषी', आणि मी डॉक्टरच्या डाव्या हाताला बसलेली, समोर प्रेशरचा पट्टा. मागे भिंतीवर फेब्रुवारीचं कॅलेंडर. 'दातांच्या टेबलावर होतीस ना ताई? मग हा कोणाचा दात आहे?' असा तुझा टोमणा. टोमणा चांगला जमलाय. आईवर गेलीस त्यात.

तर ऐक. मी दातांपाशी नव्हते. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तीनही वेळा.

पहिल्यांदा ती लाल फडक्यात आली. काटा बघून नर्स किंचाळली, डॉक्टरने कॅप्सूल काढली. मी आईला म्हटलं, 'आज इथेच गिळायला सांगतायत.' ती म्हणाली, 'गिळते की. फुकटचं आहे, माझ्याच प्रेशरला लागू पडेल.' गिळली. दुसऱ्यांदा निळ्यात आली तेव्हा मी म्हटलं, 'आई, हे दुसरं झालं. घरी जा.' ती म्हणाली, 'थेरेझिनला काय सांगू? की सेन्सिल्याचं आणलं आणि तुझं राहिलं?' एवढ्यात डॉक्टर उठून उभा राहिला, हात पुढे केला आणि म्हणाला, 'भेटून आनंद झाला.' आणि माझ्याकडे वळून म्हणाला, 'या बाईचे डोळे किती वेगळे आहेत! आधीच्या बाईच्या डोळ्यांत भीती होती. हिच्या डोळ्यांत बघ, कसा विश्वास आहे.'

मिर्लान्द, मला हसू आवरेना. मी ओठ चावला. आईने विचारलं, 'काय म्हणतोय ग?' मी सांगितलं. तिचेही खांदे हलायला लागले. तिला हसू येताना खांदे हलतात, तोंड नाही हलत, तुला माहीत आहे. डॉक्टरला वाटलं हुडहुडी भरली, त्याने तिच्या अंगावर टॉवेल टाकला. त्यामुळे आणखी हसू आलं. नुसत्या कॉफीवर डोळ्यांत विश्वास चमकायला लागतो म्हणे!

तिसऱ्यांदा ती पिवळ्यात आली तेव्हा माझ्या मनात काय होतं ते सांगते. मी विचार करत होते, आता हा हिच्या डोळ्यांबद्दल काय म्हणेल? मला ते ऐकायचं होतं. तिसरी कॅप्सूल मला दिसली. ती पाऊल जरा ओढत आली तेही मला दिसलं. खुर्चीत बसताना तिने खांद्याने मला ढकललं आणि म्हणाली, 'बघ आता कोण होते मी.' तिच्या जिभेला आधीच जडपणा आला होता, मी नर्स आहे, मला ते कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण मी डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होते.

तो म्हणाला, 'किती सोशिक चेहरा.' मी भाषांतर केलं. मग ती पडली.

तो मूर्ख आहे यात शंका नाही. तो मूर्ख आहे हे मी त्याला एका वाक्यात सांगू शकले असते, त्याच्याच भाषेत. सात वर्षं सांगू शकत होते. सांगितलं नाही, कारण त्याला मूर्ख ठरताना बघत राहण्यात मला मजा येत होती. वर्षातून दोन आठवडे एवढीच माझी करमणूक असायची. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

आई आता पलंगावरून उठून दारापर्यंत येते. एक पाय तिचा, एक माझा.

अनिझ


९ जून

मिर्लान्द,

तुझा खोका मिळाला. साबण, बिस्किटं, आईसाठी तीन झगे. गोळ्या नाहीत. 'इथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि चिठ्ठी आईच्या नावाने कोण देणार.' बरोबर. त्या आश्रमातून चार उचलून आणाव्यात असं मी सुचवणार नाही, तुझी नोकरी जायची.

इथली गोष्ट अशी. फेब्रुवारीत आई पडली त्या दिवशी डॉक्टरने तिला सेन्सिल्या समजून चार महिन्यांच्या गोळ्या दिल्या. त्यातल्या मी खऱ्या सेन्सिल्याला अर्ध्या दिल्या. थेरेझिनच्या पुडीचंही तेच झालं, ती आई आणि थेरेझिन दोघींना पुरली नाही. बाकी चौघांना काहीच मिळालं नाही आणि त्यातला एक, इझमेनीचा नवरा, पंधरा दिवसांपूर्वी शेतात पडला तो गेलाच. दुसऱ्याच दिवशी पुरलं. आपल्या वरच्या दवाखान्याच्या कपाटात सध्या गॉझ आहे आणि पाली आहेत. राजधानीतून एक पाकीट मागवलं, ते पाण्यात टाकलं तर खडूसारखं तळाला बसलं. आईच्या गोळ्या पुढच्या आठवड्यात संपतात. पुन्हा झटका आला तर डावी बाजूही जाईल किंवा आईच जाईल.

म्हणून मी अक्कल गहाण टाकून डॉक्टर प्रेन्टिसला पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं. सहाही नावांची बाई एकच होती, ती माझी आई, तिने तासाभरात तुमच्या हातून तीन कॅप्सुला घेतल्या. वर सहा लोक आहेत, ते खाली येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी औषध द्या किंवा एकदा वर चला. तुझं नाव घातलं नाही. घालायला हात शिवशिवत होते.

काल उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते. 'प्रिय अनिझ, तुमच्या आईच्या आजाराबद्दल वाईट वाटलं. पण तुमचा काही गैरसमज झालेला आहे. त्या सकाळी मी तीन वेगवेगळ्या स्त्रियांना स्वतः तपासलं आणि त्या तिघींचे चेहरे मी जन्मात विसरणार नाही. एक घाबरलेली, एक विश्वासू, एक सोशिक. औषधाचा नियम मात्र सगळ्यांना सारखा असतो. आईंना जुलैत खाली घेऊन या, मी आनंदाने तपासेन.'

घेऊन या म्हणे. फेब्रुवारीत चौघांनी खुर्चीला बांधून तिला वर आणली तेव्हा दोनदा ती दरीकडे कलंडली. आता दारापर्यंत यायलाही तिला माझा खांदा लागतो. मी पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'बरं.' पण तिचे खांदे हलले. डावा तरी हलला.

अनिझ


३० जून

मिर्लान्द,

तुझी कॅसेट परवा आली. बातमी ऐकली. जुलैत पथकाबरोबर तू येणार आणि तुला दुभाषी नेमलंय. 'माझ्याइतकं दोन्हीकडचं कुणाला कळतं, असं डॉक्टर म्हणाले. प्रेशरच्या टेबलावर मीच बसणार. ताई, तुला राग नाही ना आला?' राग कसला! त्या खुर्चीत माणूस काय काय होऊ शकतो, ते मी बसून बघितलंय. आता तू बस.

आणि आईसाठी काय आणू, असं विचारलंयस. त्याचं उत्तर शेवटी देते.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर आपल्या अंगणात लोक जमले. सेन्सिल्याला गाढवावर घालून आणली होती. थेरेझिन आली, ओडिलॉन आला. इझमेनीही आली, तिचा आता जुलैशी संबंध उरला नाही तरी आली. प्रश्न एकच होता की आता कोण उतरणार. मी म्हटलं, 'अजून शहाणे झाला नाहीत का तुम्ही?' ओडिलॉन म्हणाला, 'शहाणं होऊन काय करू ग पोरी? शहाण्याला गोळी मिळते का?' मी सगळ्यांचं प्रेशर मोजलं. ज्यांचं चढलंय त्यांना चालवत नाही आणि ज्यांना चालवतं त्यांचं चढलेलं नाही. मग थेरेझिन म्हणाली, 'तुझं बघ.' माझं कधी नव्हतंच, म्हणून मी हसत पट्टा बांधला. एकशे नव्वद. पुन्हा बांधला. एकशे ब्याण्णव. मी मासा खाल्ला नव्हता आणि कॉफीही प्यायले नव्हते.

सेन्सिल्याने डोक्याचं फडकं सोडलं, घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मी आईकडे बघितलं. मला वाटलं होतं, निदान आज तिच्या तोंडून दुसरा काही शब्द येईल. तिने तोंड उघडलं, खूप वेळ प्रयत्न केला, डोळ्यांतून पाणी आलं. शब्द मात्र तोच आला.

तेव्हा मी उतरणार आहे. तुमचं पथक आलं की पहिल्या सोमवारी सकाळी, पहिल्या पाच नंबरांत. तू टेबलाशी असशील, डॉक्टरच्या डाव्या हाताला, पिवळ्या शर्टात. पहिल्यांदा मी आईच्या नावाने येईन, देरिस पोलिडोर, हे नाव तुला लिहिता येतं. डॉक्टर हात पुढे करून भेटून आनंद झाला म्हणेल. आमची बारा वर्षांची ओळख आहे, पण माझ्या अंगावर पांढरा कोट नसेल आणि डोक्याला फडकं असेल. तो ओळखणार नाही, मी पैज लावते. ती स्वयंसेवक पोरगी बॅटरी घेऊन येईल. मी कॅप्सूल फोडेन. मग मागच्या दाराने जाऊन सेन्सिल्या होऊन येईन. मग थेरेझिन. मग मादाम ओडिलॉन. मी हसणार नाही, तुलाही हसवणार नाही. इझमेनीचा नवरा वजा आणि आई जमा, मला लागणाऱ्या पुड्या सहाच आहेत आणि मी सहा घेतल्याशिवाय उठणार नाही. मी आईची मुलगी आहे, हट्टाचं तुला सांगायला नको.

माझं पत्र त्याने मानलं नाही. मी इथली, माझा गैरसमज होऊ शकतो. तुझा होणार नाही. तू त्यांच्यातली आहेस, तुझ्या एका शब्दावर त्यांनी सगळ्या बेटाला जीभ वर करायला लावली. तशाच एका शब्दावर तो औषधांची पेटी उचलून चार तास वर चढेल. तो मूर्ख आहे, पण वाईट माणूस नाही. हे मला कबूल करायला जड जातं.

पहिल्या कॅप्सूलला बोललीस तर उत्तम. दुसरीला बोललीस तरी चालेल. मी दुसरीपर्यंत पोचले आणि गप्प राहिले, हे तुला आता माहीत आहे, म्हणजे दुसरीला तू माझ्याइतकीच असशील. तिसरी आली की समजून जा, यापुढे तुला माझी पत्रं येणार नाहीत.

आईसाठी काय आणू, असं विचारलं होतंस. काही आणू नकोस. त्या खुर्चीत बसून, सगळ्या पिवळ्या शर्टांसमोर, एक वाक्य इंग्रजीत म्हणायचं आहे. 'ही माझी बहीण आहे आणि आमची आई वर जिवंत आहे.' मला ते म्हणता येतं. तुला येतं का, ते सोमवारी कळेल.

अनिझ